आवाजाच्या यंत्राने डास पळतात का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. लालबागला चौथ्या मजल्यावर घर, शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं बांधकाम सुरू. घरात आठ महिन्यांचं बाळ आणि दम्याचे सासरे. कॉइल लावली की त्यांना धाप लागते. सॉकेटमध्ये खोचायचं ‘अल्ट्रासोनिक’ यंत्र ऑनलाइन पाचशेच्या आत मिळतंय आणि तुमच्या जाऊबाई म्हणतात, आमच्याकडे लावल्यापासून डास गेले. तर ते घ्यावं का, आणि मोबाइलवरचं फुकटचं ॲप तेच काम करतं का?

घेऊ नका. ॲपवरही विसंबू नका. पण एवढ्यावर तुमचं काम भागत नाही. धूर न करता बाळाला आणि सासऱ्यांना कसं जपायचं, ही तुमची अडचण आहे. मी कीटकशास्त्र शिकले आणि मुंबईत डास नियंत्रणाच्या कामात बरीच वर्षं काढली. त्या अनुभवावरून दोन्हींबद्दल लिहिते.

आधी यंत्राचं. डासांना ऐकूच येत नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. त्यांना ऐकू येतं, आणि फार बारीक ऐकू येतं. डासाच्या स्पर्शिकेच्या बुडाशी एक फुगीर भाग असतो, त्यात ऐकण्याचं इंद्रिय असतं. नराच्या स्पर्शिका पिसासारख्या झुपकेदार असतात. भिंगाखाली धरला तर शाळकरी मूलसुद्धा नर-मादी ओळखू शकतं. तो झुपका मादीच्या पंखांचा आवाज टिपण्यासाठी आहे. मादीचे पंख सेकंदाला साधारण चारशे ते सहाशे वेळा फडफडतात. आपल्या कानाशी येणारी गुणगुण ती हीच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस जातीचे नर आणि मादी उडता उडता आपापला सूर एकमेकांशी जुळवून घेतात, हे २००९ साली प्रयोगातून दिसलं. त्याच प्रयोगात या डासांची श्रवणशक्ती दोन हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला दोन हजार कंपनांपर्यंत पोचते असंही आढळलं.

आता यंत्राच्या खोक्यावर काय छापलेलं असतं ते पाहा. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, आणि ही यंत्रं त्याच्याही वरचा आवाज काढतात असा दावा असतो. म्हणजे डास ज्या पट्टीत ऐकतो, त्याच्या कितीतरी वरच्या पट्टीत हे यंत्र ओरडतं. शिवाय एवढा उंच आवाज हवेत लवकर विरतो, आणि पडदा, गादी, कपाटाचं दार आड आलं की तिथेच अडतो. आपल्या वन-रूम-किचनमध्ये सॉकेट बहुतेक वेळा पलंगामागे किंवा फ्रिजमागे असतो, तेव्हा तो आवाज खोलीभर पोचतो हेही धरून चालता येत नाही. मोबाइलच्या ॲपचं तर आणखी अवघड. फोनचा स्पीकर माणसाच्या कानासाठी बनवलेला असतो. त्यातून खरा अल्ट्रासोनिक आवाज निघणंच कठीण.

विकणारे तीन कारणं सांगतात. पहिलं, यंत्र वटवाघळासारखा आवाज काढतं आणि डास घाबरतात. वटवाघळाचा आवाज ऐकून गिरकी घेणारे किडे आहेत. काही पतंगांना त्यासाठी खास कान असतात. डासाला तसला कान नाही. दुसरं, यंत्र चतुराच्या पंखांचा आवाज काढतं. चतुराचे पंख सेकंदाला तीसेक वेळा हलतात. तो अगदी खालचा आवाज, त्याला अल्ट्रासोनिक म्हणताच येणार नाही. तिसरं कारण वरवर पटण्यासारखं आहे: चावते ती मादी, एकदा मीलन झालं की तिला नर नको असतो, म्हणून नराच्या आवाजाने ती पळते. पण एडीसचे नर मादीच्या शोधात माणसाच्या पायांभोवतीच घिरट्या घालतात, कारण मादी रक्तासाठी तिथे येणार हे ठरलेलं. नराच्या आवाजाने मादी पळत असती, तर ती माणसाजवळ फिरकली नसती.

आवाजाने डास जवळ येतात हे मात्र खरं आहे, निदान नर तरी. हायरम मॅक्सिम नावाच्या संशोधकाने १८७८ साली अमेरिकेतल्या एका हॉटेलात विजेचे दिवे बसवताना पाहिलं, की गुणगुणणाऱ्या उपकरणापाशी डास जमतायत आणि ते सगळे नर आहेत. आज त्याच तत्त्वावर नर पकडायचे सापळे बनतात. माणसाला चावणाऱ्या मादीला पळवून लावणारा आवाज मात्र अजून कुणी बाजारात आणलेला नाही.

ही मादी तुमच्यापर्यंत पोचते कशी? बाळाच्या आणि तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा पट्टा तिला लांबून लागतो. जवळ आल्यावर घामातलं लॅक्टिक ॲसिड, त्वचेचा वास, अंगाची ऊब आणि ओलावा. गडद रंगाच्या कपड्यांकडे ती जास्त वळते. या सगळ्यात कानाचं काम जवळजवळ नाही. म्हणून जे उपाय चालतात, ते एकतर तुमचा वास झाकतात, नाहीतर तिच्या आणि तुमच्या मध्ये काहीतरी आडवं घालतात.

हा नुसता तर्क नाही, लोकांनी बसून मोजलंय. अशा चाचणीत माणूस गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून बसतो. पायावर डास बसला की चावण्याआधी काचेच्या नळीने तो ओढून घेतो आणि डबीत टाकतो. काही वेळ यंत्र चालू, काही वेळ बंद, मग डब्यांतले डास मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्रभर जागून असं बसायला चिकाटी लागते. अशा दहा क्षेत्रीय अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केला. दहाही अभ्यासांत यंत्र चालू असताना अंगावर बसणारे डास कमी झाल्याचं आढळलं नाही. उलट या अभ्यासांतल्या पंधरापैकी बारा प्रयोगांत यंत्र चालू असताना जास्त डास बसले. पुढे २०१० साली ब्राझीलमध्ये एडीसवर प्रयोग झाला, त्यातही यंत्र चालू असताना चावे वाढलेले दिसले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तर २००१ सालीच अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना ताकीद दिली होती, की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा दाखवा.

२०१९ साली एक बातमी फिरली होती, कर्कश इलेक्ट्रॉनिक संगीत लावल्यावर एडीसच्या माद्या कमी चावल्या आणि त्यांचं मीलनही घटलं. प्रयोग खरा आहे. पण तो प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात, ठणाणा आवाजात झाला, आणि तो आवाज माणसाला ऐकू येणारा होता. आठ महिन्यांच्या बाळाच्या उशाशी तसलं काही लावता येणार नाही. सॉकेटमधल्या मुक्या यंत्राशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

जाऊबाई खोटं बोलत नसतील. मला अशी घरं पुष्कळ भेटली आहेत. माणूस यंत्र विकत घेतो ते डासांचा अगदी कळस झाल्यावर. त्यानंतर डास आपोआपही कमी होतात. गटारातले डास थंडीत फार वाढतात आणि कडक उन्हाळ्यात ओसरतात. महापालिकेने मधेच नाल्यात औषध फवारलेलं असतं. यंत्र घेतलं त्याच आठवड्यात संध्याकाळी खिडक्या लवकर बंद व्हायला लागतात, पंखा एकने वाढतो. आणि पैसे घातल्यावर आपण डास मोजत नाही, चावला नाही तेवढं लक्षात ठेवतो. पाहायचं असेल तर एक करा. पंधरा दिवस रोज रात्री नाणं उडवा, छाप आला तर यंत्र चालू, काटा आला तर बंद. बाकी काही बदलायचं नाही. सकाळी मच्छरदाणीच्या बाहेर बसलेले आणि रॅकेटने मारलेले डास वहीत लिहा. यंत्र चालू होतं की बंद, हे मोजणाऱ्याला सांगू नका. बाळ मात्र या काळात सगळ्या रात्री मच्छरदाणीतच.

मला या यंत्राची खरी धास्ती वाटते ती पाचशे रुपयांसाठी नाही. हिरवा दिवा लुकलुकतोय हे पाहून आई मच्छरदाणी गुंडाळून ठेवते. मलेरिया आणि डेंग्यू असलेल्या शहरात हे फार महाग पडतं.

आता तुमच्या घराचं. इथे थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण तुम्हाला कुठला डास चावतो हे मला इथून दिसत नाही. मुंबईत तीन जाती महत्त्वाच्या. पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी. तो एडीस, डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा. तो घरातल्या आणि घराभोवतीच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. भिंतीवर तिरका, शेपटीकडून वर उचललेला बसतो तो अ‍ॅनोफिलिस. त्यातली स्टीफेन्सी ही जात शहरी मलेरियाला कारण. ती इमारतींच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावरच्या पाण्यात अंडी घालते, आणि चावते संध्याकाळनंतर. तपकिरी, भिंतीला समांतर बसणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा तो क्युलेक्स. तो गटारं आणि नाल्यांतल्या घाण पाण्यातला. सर्वात जास्त त्रास त्याचाच होतो, पण मुंबईत डेंग्यू-मलेरिया त्याच्यामुळे होत नाही. तुमच्या शेजारी बांधकाम आहे, म्हणून मी अ‍ॅनोफिलिस आणि एडीस दोन्ही गृहीत धरून सांगते.

बाळासाठी मच्छरदाणी. याला तोड नाही. छत्रीसारखी उघडझाप होणारी मिळते, तिचा तळ बंद असलेली घ्या. दुपारच्या झोपेलाही ती घाला. एडीस दिवसा चावतो हे घरोघरी विसरलं जातं. रात्री कडेकोट बंदोबस्त आणि दुपारी बाळ उघड्यावर, असं मी नेहमी पाहते. दाणीचा कपडा बाळाच्या हातापायाला चिकटून नको, कारण डास बाहेरून सोंड घालतो. सासऱ्यांनाही पलंगाची दाणी सर्वात बरी. दम्याच्या माणसाला तिचा काहीही अपाय नाही.

खिडक्यांना जाळी बसवा. जाळीचं छिद्र दीड मिलिमीटरपेक्षा मोठं नको. लोक हॉलच्या मोठ्या खिडकीला जाळी लावतात आणि न्हाणीघराची काचेच्या पट्ट्यांची खिडकी उघडी राहते, किंवा स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंख्याभोवतीची फट. डास नेमका तिथून येतो. सरकत्या खिडकीच्या दोन तावदानांमध्ये उभी फट असते, तिथे ब्रशची पट्टी लावून घ्या. सूर्यास्ताच्या तासाभरात दार सताड उघडं ठेवू नका.

पंखा चालू ठेवा. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्याच्या झोतात त्याला नीट उतरता येत नाही, आणि आपल्या श्वासाचा पट्टाही विस्कटतो. टेबल-फॅनचा झोत पायांकडून येईल असा ठेवला तर फरक जाणवतो. बाळावर थेट झोत नको.

मलम आणि औषधांबद्दल. त्वचेला लावायच्या मलमांत डीईईटी, पिकारिडिन, आयआर३५३५ यांच्यासारखी द्रव्यं तपासून पाहिलेली आहेत. डीईईटी अमेरिकन सैन्यासाठी १९४६ साली तयार झालं आणि १९५७ पासून सर्वसामान्यांना मिळू लागलं, म्हणजे त्याचा अनुभव जुना आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावत नाहीत. तुमचं बाळ मोठं आहे, तरी वेष्टनावरचं वय वाचा आणि बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारा. लावलंच तर तळहातांना नको, बाळ हात तोंडात घालतं. सिट्रोनेलाचं तेल वासाला छान, पण २००२ च्या एका नामांकित चाचणीत त्याचा परिणाम वीस मिनिटांच्या आत संपला, तर चोवीस टक्क्यांच्या आसपास डीईईटी असलेल्या द्रवाने सरासरी पाच तास संरक्षण दिलं. त्याच चाचणीत मनगटावरच्या वासाच्या पट्ट्या अर्धा मिनिटही टिकल्या नाहीत. शाळेच्या मुलांच्या हातात त्या दिसतात तेव्हा मला वाईट वाटतं.

कॉइल तुम्ही बंद केलीत ते योग्यच. एक कॉइल पूर्ण जळताना जितके सूक्ष्म कण सोडते ते पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके असतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. प्लगमधलं द्रव औषध त्यापेक्षा बरं, पण दम्याच्या माणसाला त्याचाही त्रास होऊ शकतो. वापरायचंच तर सासरे खोलीत नसताना संध्याकाळी अर्धा तास लावा, मग जाळीची खिडकी उघडून हवा खेळू द्या. अगरबत्तीच्या रूपातल्या ‘हर्बल’ डास-बत्त्यांपासून लांब राहा. डास मारणाऱ्या किंवा पळवणाऱ्या रसायनाला आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते आणि वेष्टनावर सीआयआर ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर आत काय जळतंय ते कळायला मार्ग नाही. आवाजाच्या यंत्रात रसायनच नसतं, त्यामुळे ते या चाळणीतून जातच नाही.

निळ्या दिव्याच्या किडे मारणाऱ्या पिंजऱ्यावरही पैसे घालू नका. अमेरिकेत १९९६ साली अशा दिव्यांत मेलेले किडे मोजले, तेरा हजार सातशे एकोणनव्वद. त्यात चावणारे, डास धरून, फक्त एकतीस.

आणि पाणी. याच्यावर मी सर्वात जास्त जोर देईन, कारण तुमच्या घरातच डास तयार होत असेल तर जाळी लावून तुम्ही त्याला आत कोंडताय. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. त्या दिवशी टॉर्च घेऊन घरभर फिरा. फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून काढा. तो घर घेतल्यापासून कुणी पाहिलेला नसतो. मनी प्लँटची बाटली, दिवाणखान्यातला बांबू, ग्रिलमधल्या कुंड्यांच्या बशा, एसीचं पाणी जमा होणारा डबा, पावसाळ्यात छज्जावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या. टॉर्चचा झोत पाण्यावर टाकला की एडीसच्या अळ्या वळवळत तळाला जातात, आणि थोड्या वेळाने श्वासासाठी शेपटीची नळी वर करून डोकं खाली असं लटकतात. पृष्ठभागाला समांतर, काडीसारख्या पडून असतील तर अ‍ॅनोफिलिस.

लालबागला पाण्याच्या वेळा असल्यामुळे तुमच्याकडे पिंप असणार. ते नुसतं रिकामं करून पुन्हा भरू नका. एडीस अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओल्या भिंतीला चिकटवतो. तिळाहूनही बारीक काळे ठिपके. पाणी ओतलं तरी ते तिथेच राहतात, कोरडे पडून महिनोन् महिने टिकतात, आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून काथ्याने पिंपाच्या आतली कड घासायची, मग धुवायचं, वाळवायचं, आणि तोंडाला जाड कापड घट्ट बांधायचं.

सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, तपासायला शिडी आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणीही पाहायला सांगा. शेजारच्या बांधकामावर स्लॅबवर सोडलेलं पाणी, तळघर आणि लिफ्टचा खड्डा या नेहमीच्या जागा. तक्रार महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर किंवा वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागात करा, आणि नुसतं ‘डास फार आहेत’ न म्हणता पाणी कुठे साठलंय ते फोटोसकट सांगा. जागा नेमकी कळली तर माणूस थेट तिथेच पोचतो. धुराची गाडी बोलवा असा आग्रह लोक धरतात. तो धूर त्या क्षणी उडणारे डास मारतो, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही.

सगळं एकदम जमणार नसेल तर क्रम असा लावा: आज बाळाची आणि सासऱ्यांची मच्छरदाणी, या रविवारी पिंप आणि फ्रिजचा ट्रे, यंत्राचे पाचशे रुपये न्हाणीघराच्या जाळीला, मग सोसायटीची टाकी. यंत्र मागवून झालं असेल तर परत करा.

हे सगळं करूनही घरात कुणाला ताप आला, तर विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत, घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका. मलेरियाची रक्ततपासणी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. डेंग्यूची एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांतच उपयोगाची. डॉक्टरांना भेटेपर्यंत सासऱ्यांना तापासाठी पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. डेंग्यू निघाला तर त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाळाला ताप असेल, ते दूध घेत नसेल किंवा नेहमीपेक्षा सुस्त वाटत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.